जूनमधल्या अटलांटिक लाटा आणि वादळात शिरणारी विमानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ह्यूस्टनला राहते. जून लागला की टँपा, मायामी, ऑरलँडोच्या मराठी घरांतून आणि त्यांच्या पुण्या-सांगलीतल्या आईवडिलांकडून तेच तेच प्रश्न येऊ लागतात. "आफ्रिकेजवळ काहीतरी उठलंय म्हणे, तुमच्याकडे येणार का?" आणि "अजून विमान का नाही पाठवलं?" हे त्यातले दोन नेहमीचे. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहून काढलं आहे. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत बसले नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ट्रॉपिकल वेव्ह म्हणजे समुद्राची लाट का? की आपल्याकडे उष्णतेची लाट येते तशी?

दोन्ही नाही. ही हवेतली लाट आहे. उष्ण कटिबंधात वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात, पण हा प्रवाह सरळ रेषेत जात नाही. मधूनमधून त्याला उत्तरेकडे बाक येतो आणि तो बाक वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकत राहतो. यालाच लाट म्हणायचं. तिथे हवेचा दाब आजूबाजूपेक्षा थोडा कमी असतो. नकाशावर ती उत्तर-दक्षिण रेघेने दाखवतात, तो लाटेचा अक्ष. अक्ष येण्याआधी वारा ईशान्येकडून वाहतो, अक्ष गेला की आग्नेयेकडून. कॅरिबियन बेटांवर पाऊस बहुधा अक्ष गेल्यानंतर पडतो.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाटेला केंद्र नसतं. वारा वळतो, पण गोल फिरत नाही. पुढचे अर्धे प्रश्न यावरच उभे आहेत.

२. या लाटा येतात कुठून? वर्षाला किती?

उन्हाळ्यात सहारा तापलेला असतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताचा किनारा त्या मानाने थंड आणि ओला. या दोहोंच्या तापमानातल्या फरकामुळे जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा तयार होतो. तो पट्टा डळमळला की लाटा सुटतात. मे महिन्यापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत दर दोन ते पाच दिवसांनी एक, म्हणजे वर्षाला साठच्या आसपास. दोन लाटांमध्ये दोन-अडीच हजार किलोमीटरचं अंतर असतं.

बहुतेक लाटा नुसता पाऊस देऊन जातात. पण अटलांटिकमधल्या नाव मिळालेल्या वादळांपैकी सुमारे ६० टक्के आणि मोठ्या हरिकेनांपैकी (हरिकेन म्हणजे अटलांटिकमधलं अति जोराचं चक्रीवादळ) सुमारे ८५ टक्के या लाटांतूनच जन्मतात. म्हणून साठच्या साठ लाटांवर नजर ठेवावी लागते.

३. मग जून-जुलैत त्या विरून का जातात?

समुद्र अजून पुरेसा तापलेला नसतो हे पहिलं कारण. वादळ वाढायला पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं, आणि जूनमध्ये आफ्रिका ते कॅरिबियनच्या पूर्व टोकाच्या बार्बाडोस बेटापर्यंतच्या पट्ट्यात ते जेमतेम तेवढंच असतं.

दुसरं कारण सहाराची धूळ. दीड ते सहा किलोमीटर उंचीच्या दरम्यान कोरड्या, धुळकट हवेचा एक थर आफ्रिकेतून निघतो आणि अटलांटिकवर पसरतो. जून-जुलैत त्याचा जोर सर्वाधिक असतो. ही हवा ढगांत शिरली की ढग वर चढायचेच थांबतात. जून २०२० मधला लोट तर कॅरिबियन ओलांडून थेट अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आला होता. आमच्या टेक्सासमध्ये असा लोट आला की आकाश दुधाळ दिसतं आणि मावळतीचा सूर्य डोळ्यांना न खुपता बघता येतो. गाडीच्या काचेवर बोट फिरवलं तर तपकिरी रेघ उमटते. ती धूळ पार आफ्रिकेतली.

तिसरं कारण विंड शिअर, म्हणजे खालचा वारा एकीकडे आणि वरचा दुसरीकडे. ढगांचा मनोरा सरळ उभाच राहत नाही, कलंडतो. आणि पूर्व कॅरिबियनमध्ये एक जादा अडचण असते. जून-जुलैत तिथले खालच्या थरातले वारे इतक्या वेगाने पुढे पळतात की मागून येणाऱ्या लाटेला एकत्र गोळा व्हायला फुरसतच मिळत नाही. कित्येक चांगल्या दिसणाऱ्या लाटा तिथे पोचून फाटल्या आहेत.

४. म्हणजे जूनमध्ये काळजी नाही ना?

आहे, फक्त काळजीची जागा वेगळी असते. जूनमधली बहुतेक वादळं आफ्रिकी लाटांपासून नाही, तर घराजवळ होतात: मेक्सिकोच्या आखातात, पश्चिम कॅरिबियनमध्ये, अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ. तयारीला दोन-तीन दिवससुद्धा मिळत नाहीत.

आणि लाटांचा नियमही मोडतो. २०२३ च्या जूनमध्ये ब्रेट आणि सिंडी अशी दोन वादळं आफ्रिका आणि कॅरिबियनच्या मधल्या पट्ट्यात झाली. एकाच जूनमध्ये तिथे दोन वादळं होण्याची नोंदींतली ती पहिलीच वेळ. पुढच्याच वर्षी बेरिल. २८ जून २०२४ ला नाव मिळालं, २९ ला हरिकेन, ३० ला चौथी श्रेणी (वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनांना एक ते पाच श्रेणी देतात, पाचवी सर्वांत जोरदार). अटलांटिकमध्ये इतक्या लवकर चौथ्या श्रेणीचं वादळ कधीच नोंदलं गेलं नव्हतं. १ जुलैला ते ग्रेनेडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं आणि बेटावर क्वचितच एखादं छप्पर शाबूत राहिलं. २ जुलैला पाचवी श्रेणी. त्या जूनमध्ये तिथलं पाणी भर मोसमातल्यासारखं गरम होतं, त्यामुळे प्रश्न ३ मधलं पहिलं कारण उरलंच नव्हतं.

तेच बेरिल ८ जुलैच्या पहाटे आमच्या दारात आलं. तोवर ते पहिल्या श्रेणीपर्यंत उतरलं होतं. तरी ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती. फ्रीजरमधलं सगळं दुसऱ्या दिवशी गल्लीतच गॅसच्या शेगडीवर शिजवून वाटून टाकलं. "पहिल्याच श्रेणीचं तर आहे" असं त्या दिवसानंतर आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

५. भर समुद्रात ना माणूस ना स्टेशन. लाट निघाली हे कळतं कसं?

निघताना ती जमिनीवरून जाते, तिथेच पहिली खूण मिळते. सेनेगलमध्ये डाकारहून हवामानाचे फुगे सोडतात. फुगा वर जाताना प्रत्येक उंचीवरचा वारा कळवतो. प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे वारा ईशान्येकडून आग्नेयेकडे वळला की अक्ष डोक्यावरून गेला. पुढे केप व्हर्दे बेटं आणि मग एकदम बार्बाडोस. मध्ये साडेतीन-चार हजार किलोमीटर नुसतं पाणी.

त्या पाण्यावर उपग्रहाशिवाय इलाज नाही. स्थिर उपग्रह दर काही मिनिटांनी ढगांचे फोटो पाठवतात. पण ढग म्हणजे लाट नव्हे. कोरड्या हवेत लाट ढगांशिवायही चालत राहते आणि चार दिवसांनी ओल मिळाली की पुन्हा उगवते. म्हणून तज्ज्ञ एक वेगळाच तक्ता बघतात: आडवे रेखांश, उभे दिवस, आणि दर दिवसाच्या उपग्रहचित्राची एक-एक पट्टी एकाखाली एक लावलेली. लाट त्यात तिरकी रेघ होऊन दिसते. एखाद्या दिवशी ढग विरले तरी रेघ पुढे वाढवून लाट आज कुठे असेल ते सांगता येतं.

समुद्राच्या पृष्ठभागावरचा वारा मोजणारे उपग्रहही आहेत. ते ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि पृथ्वीचा एकेक पट्टा वाचत जातात. दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा राहते, आणि हवी ती जागा नेमकी त्या फटीत सापडणं हे इतक्यांदा होतं की सवय झाली तरी जीव हळहळतो.

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दिवसातून चार वेळा उष्णकटिबंधीय हवामानाचं निवेदन काढतं. त्यात प्रत्येक लाटेचा अक्ष कोणत्या रेखांशावर आहे आणि किती वेगाने सरकतोय हे लिहिलेलं असतं. ज्यांना खरंच लाटांचा माग काढायचा आहे त्यांनी रंगीत नकाशांच्या आधी हे वाचावं.

६. नकाशावर पिवळा डाग आणि ४० टक्के. म्हणजे आमच्याकडे यायची शक्यता ४० टक्के?

नाही. हा नकाशा नॅशनल हरिकेन सेंटरचा, आणि तो आकडा पुढच्या सात दिवसांत तिथे कुठेतरी वादळ तयार होण्याच्या शक्यतेचा आहे. तुमच्या गावाबद्दल तो काही सांगत नाही, वादळ किती मोठं होईल हेही नाही. ४० टक्क्यांच्या खाली पिवळा, ४० ते ६० केशरी, त्यावर लाल. (म्हणजे बरोबर ४० असेल तर डाग केशरी असायला हवा. पिवळ्या डागाबरोबर ४० सांगणाऱ्याने नकाशा स्वतः पाहिलेला नाही.) डागाचा आकार म्हणजे वादळाचा आकार नाही, ते कुठे तयार होऊ शकेल तो भाग आहे. मोसमात हा नकाशा मायामीच्या वेळेने पहाटे २, सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला नवा होतो. मधल्या वेळात जुनाच फिरत असतो, म्हणून फॉरवर्ड केलेल्या चित्रावरची वेळ आधी बघा.

७. 'इन्व्हेस्ट ९४एल' हे वादळाचं नाव आहे का?

फाइलचा नंबर समजा. ज्या भागावर जास्त बारकाईने लक्ष ठेवायचं ठरतं त्याला ९० ते ९९ मधला आकडा देतात, ९९ झाला की पुन्हा ९०. पुढचा 'एल' म्हणजे अटलांटिक. नंबर पडला की त्या ठिकाणासाठी खास संगणकीय अंदाज सुरू होतात. म्हणजे नंबर धोका वाढल्याची खूण नाही, लक्ष वाढल्याची आहे.

८. वादळात जाणारी विमानं कोणाची? कुठून उडतात?

दोन संस्थांची. अमेरिकी हवाई दलाच्या राखीव दलाची ५३ वी हवामान टेहळणी तुकडी मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या कीसलर तळावर असते. तिच्याकडे डब्ल्यूसी-१३०जे जातीची दहा विमानं आहेत. 'हरिकेन हंटर्स' म्हणतात ते मुख्यतः हे. दुसरी नोआ, म्हणजे समुद्र आणि हवामानाचं सरकारी खातं. तिची विमानं फ्लोरिडातल्या लेकलँडहून उडतात: दोन पी-३ ओरायन, ही १९७० च्या दशकातली, आणि एक गल्फस्ट्रीम जेट. पी-३ वादळात शिरतात. जेट आत जात नाही, तेरा-चौदा किलोमीटर उंचीवरून वादळाच्या भोवतालची हवा मोजतं, कारण वादळ कुठे जाणार हे भोवतालची हवाच ठरवते.

पूर्व कॅरिबियनकडे काम असलं की हवाई दलाची विमानं सेंट क्रॉय बेटावर मुक्काम हलवतात.

९. लाट आफ्रिकेजवळ असतानाच विमान पाठवून सोक्षमोक्ष का लावत नाहीत?

मला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न, म्हणून हिशेबच मांडते.

बिलॉक्सी ते सेंट क्रॉय हे अंतरच पावणेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. समजा विमान आधीच सेंट क्रॉयला आहे आणि लाट ४० अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे आफ्रिका सोडून जेमतेम निम्म्या वाटेवर. तरी एका बाजूचं अंतर अडीच-पावणेतीन हजार किलोमीटर. ताशी पाचशे किलोमीटरने जायला पाच-साडेपाच तास, यायला तेवढेच. नेहमीचं उड्डाण दहा-अकरा तासांचं असतं. म्हणजे सगळा वेळ रस्त्यातच गेला. या विमानाच्या टाक्या अठरा तासांपर्यंत पुरतात, पण माणसं? पाच जण आहेत, त्यांना काम करून जागेपणी परत यायचं आहे. म्हणून नेहमीच्या फेऱ्या साधारण ५५ अंश पश्चिम रेखांशाच्या अलीकडे, बेटांच्या बाजूला होतात.

आणि तिथे जाऊन मोजणार काय? डाकारहून बार्बाडोसला पोचायला लाटेला सहा-सात दिवस लागतात. पहिल्या दिवशी केंद्रच नसतं, मग केंद्र शोधायचं कुठे? शेकडो किलोमीटरच्या ढगांमध्ये विमान एक बारीक रेघ मारून येईल, आणि ते उतरेपर्यंत ती रेघ शिळी झालेली असेल.

संशोधनासाठी मात्र लोक तिकडे गेले आहेत. १९७४ मध्ये डाकारला तळ ठेवून मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. २००६ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये नासाचं डीसी-८ विमान केप व्हर्देहून उडालं. लाटांच्या पोटात काय चालतं हे आपल्याला बरंचसं या मोहिमांमुळे कळलं. पण ती मोहीम असते, रोजचा पहारा नव्हे.

१०. विमान आत जाऊन नेमकं करतं काय?

अजून केंद्र न बनलेल्या भागात विमान खूप खाली, पाण्यापासून दीडशे ते साडेचारशे मीटरवर उडतं आणि वारा कुठून वाहतोय ते चारही बाजूंनी तपासतं. वादळ बनलेलं असेल तर दीड किलोमीटरच्या आसपास, हरिकेनमध्ये तीन किलोमीटरवरून. केंद्रातून एकदा आरपार, मग बाजूने फिरून दुसऱ्या दिशेने पुन्हा आरपार, अशी इंग्रजी चारच्या आकड्यासारखी वाट असते.

आत ड्रॉपसॉन्ड सोडतात. हातभर लांबीची, मुठीत मावेल इतक्या जाडीची नळी, तिला छोटं पॅराशूट. तीन किलोमीटरवरून पाण्यात पडेपर्यंत तिला चार मिनिटं मिळतात. तेवढ्यात ती दाब, तापमान, ओल आणि वारा सेकंदा-सेकंदाला कळवत जाते आणि बुडते. परत कोणी शोधत नाही. याखेरीज विमानाच्या पंखाखालचं एक उपकरण समुद्रावरचा फेस बघून खालच्या वाऱ्याचा अंदाज बांधतं. फेस जितका जास्त तितका वारा जास्त. उथळ पाण्यात आणि जमिनीजवळ त्याचा भरवसा राहत नाही, आणि आपल्याला नेमकी तिथलीच माहिती हवी असते.

११. विमान जाऊन आलं, सोसाट्याचा वारा सापडला, तरी म्हणतात वादळ नाही. का?

कारण बंद चक्र सापडलं नाही. वादळ म्हणायला वारा केंद्राभोवती पूर्ण गोल फिरला पाहिजे. उत्तरेला पूर्वेचा वारा तर कोणत्याही लाटेत असतोच. खरी परीक्षा दक्षिणेला: तिथे पश्चिमेकडून वाहणारा वारा मिळाला पाहिजे.

आता हिशेब बघा. लाट ताशी ४० किलोमीटरने पश्चिमेला पळतेय आणि तिच्या पोटात हवा ताशी ३० ने गोल फिरतेय. उत्तरेला दोन्ही वेग एका दिशेचे, बेरीज ७०. दक्षिणेला उलट दिशेचे, म्हणून ३० वजा ४०. वारा पूर्वेकडूनच, ताशी १० ने. ७० चा वारा म्हणजे वादळाचा वारा (६३ पासून वादळ धरतात), पण चक्र बंद नाही, म्हणून वादळही नाही. जून-जुलैत लाटा वेगाने पळतात, त्यामुळे हे तेव्हा जास्त घडतं.

ही परीक्षा घरबसल्या बघता येते. विमान दर दहा मिनिटांनी वीस ओळींचा संदेश पाठवतं, प्रत्येक ओळ तीस सेकंदांची. त्यात वाऱ्याचा सहा आकडी गट असतो. ०९००२५ म्हणजे ९० अंशांवरून, अर्थात पूर्वेकडून, २५ नॉट (ताशी सुमारे ४६ किलोमीटर). विमान दक्षिणेकडे वळलं की मी त्याच रकान्यावर नजर लावून बसते. ०९०, १००, १२०, १५०... आता २०० होईल, २५० होईल आणि मग २७०, पश्चिमेचा वारा. पुष्कळदा १६० वर येऊन आकडा माघारी फिरतो. चहा गार झालेला असतो आणि लाट लाटच राहिलेली असते.

२०२२ च्या जूनअखेरीस असंच झालं. लाट त्रिनिदाद आणि व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला लागून इतकी वेगाने गेली की वारा वादळाचा असूनही दिवसेंदिवस तिला नाव देता आलं नाही. १ जुलैला, निकाराग्वाच्या उंबरठ्यावर, ती बॉनी झाली.

१२. नाव नव्हतं तर मग लोकांना इशारा कसा दिला?

२०१७ पासून तशी सोय आहे. अजून वादळ नाही, पण ७२ तासांत (२०२४ पर्यंत ४८) वादळी वारा जमिनीला गाठू शकतो, अशा वेळी 'संभाव्य उष्णकटिबंधीय चक्रीवादळ' म्हणून त्याला क्रमांक देतात आणि मार्ग, इशारे सगळं नेहमीसारखं सुरू होतं. बॉनीच्या आधी तेच चालू होतं. नाव नाही म्हणून इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू नका. छपराला वाऱ्याचं नाव ठाऊक नसतं.

१३. उद्या विमान जाणार म्हणून जाहीर केलं होतं, गेलंच नाही. असं का?

उद्याची आखणी रोज आदल्या दिवशी दुपारी जाहीर होते. कमकुवत भागांच्या फेऱ्यांपुढे 'गरज पडल्यास' अशी नोंद असते. सकाळचे उपग्रहाचे फोटो बघितले, ढग विस्कटलेले दिसले, फेरी रद्द. पैशापेक्षा माणसं आणि यंत्रं राखून ठेवण्याचा हा विचार आहे. दहा विमानांची तुकडी एका वेळी तीन वादळं सांभाळू शकते, पण त्यात दुरुस्ती आली, विजेचा तडाखा बसलेलं विमान तपासणीला काढणं आलं.

शिवाय परवानग्या. लाट किनाऱ्याला चिकटून चालली असेल तर ज्या देशाच्या हद्दीतून जायचं त्याची संमती लागते, आणि ती प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही. जमिनीवरून तर इतक्या खालून उडताच येत नाही. हिस्पॅनिओला बेटाच्या (हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक याच बेटावर आहेत) तीन किलोमीटर उंच डोंगरांवर केंद्र असेल तर विमान किनाऱ्याबाहेर वाट बघतं.

१४. विमानाने २०० किलोमीटरचा वारा मोजला. म्हणजे खाली २०० होता?

नाही, विमान तीन किलोमीटरवर होतं. डोळ्याच्या भिंतीत (डोळा म्हणजे वादळाचा शांत मध्य, भिंत म्हणजे त्याभोवतीचं सर्वांत जोराच्या वाऱ्याचं ढगांचं कडं) त्या उंचीवरच्या वाऱ्याच्या सुमारे ९० टक्के वारा समुद्रावर मिळतो, असा अनुभवावरून बांधलेला ठोकताळा आहे. विस्कळीत, कोवळ्या वादळात तो प्रमाण म्हणून चालत नाही. आणखी एक: अमेरिकेत एक मिनिटाची सरासरी धरतात, आपल्या हवामान खात्यात तीन मिनिटांची. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना हे विसरू नये.

१५. विमान आत असूनही अंदाज चुकतो?

हो. विमान आता काय आहे ते सांगतं. बारा तासांनी काय असेल हे वेगळं. मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं ओटिस घ्या, ऑक्टोबर २०२३. अंदाज साध्या वादळाचा होता. २४ तारखेला दुपारी एकच विमान आत शिरलं आणि उपग्रहावरून वाटत होतं त्यापेक्षा वादळ कितीतरी बळावल्याचं त्याने कळवलं. त्यामुळे इशारा वाढला, पण लोकांच्या हातात काही तासच उरले. मध्यरात्रीनंतर पाचव्या श्रेणीचं ओटिस अकापुल्कोवर आदळलं. ती एक फेरी नसती तर तेवढे तासही मिळाले नसते, हे मला दर वेळी आठवतं.

१६. अशी विमानं कधी पडली आहेत का?

हो. २७ जुलै १९४३ ला कर्नल जोसेफ डकवर्थ एका इंजिनाच्या प्रशिक्षण विमानातून टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनजवळ हरिकेनमध्ये शिरले. जाणूनबुजून केलेलं असं ते पहिलं उड्डाण. त्यानंतरच्या काळात अटलांटिक आणि पॅसिफिक मिळून सहा विमानं परतली नाहीत, ५३ माणसं गेली. अटलांटिकमधलं एकच: २६ सप्टेंबर १९५५, जॅनेट हरिकेन, नौदलाचं विमान, नऊ जणांचा ताफा आणि दोन कॅनडियन पत्रकार. शेवटचं १९७४ मध्ये, पॅसिफिकच्या टायफूनमध्ये (पश्चिम पॅसिफिकमधल्या हरिकेनला टायफून म्हणतात).

१५ सप्टेंबर १९८९ ला बार्बाडोसच्या पूर्वेला नोआचं पी-३ ह्यूगोमध्ये शिरलं. त्या वादळात जाणारं पहिलंच विमान. आत काय आहे याची नीट कल्पना नसताना ते अवघ्या साडेचारशे मीटरवरून घुसलं, आणि आत पाचव्या श्रेणीचं वादळ होतं. एका इंजिनाला आग लागली, विमान पाण्याकडे ढकललं गेलं आणि कसंबसं डोळ्यात पोचलं. तिथे घिरट्या घालत उंची गाठली. हवाई दलाच्या दुसऱ्या विमानाने भिंतीतली त्यातल्या त्यात सौम्य जागा हेरून दिली, तेव्हा सगळे सुखरूप बाहेर आले. 'आधीच विमान पाठवा' म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगते. पहिलं जाणारं विमान सर्वांत कमी माहितीवर जातं.

१७. माणसांऐवजी ड्रोन का पाठवत नाहीत?

पाठवू लागले आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये सेलड्रोन नावाची बिनमाणसांची होडी सॅम हरिकेनच्या आत गेली आणि लाटांमधून व्हिडिओ पाठवला. विमानातून सोडलेले छोटे ड्रोनही, माणसांनी जाऊच नये अशा उंचीवरून, पाण्यालगतची हवा मोजतात. पण ते नळीतून सोडायला वादळापर्यंत मोठं विमान लागतंच.

१८. या लाटा अरबी समुद्रात येतात का? आपल्याकडे अशी विमानं का नाहीत?

येत नाहीत. आफ्रिकी लाटा पश्चिमेला जातात, आपण पूर्वेला आहोत. त्यांची चुलत भावंडं मात्र आपल्याकडे येतात. पॅसिफिकमधल्या टायफूनचे अवशेष व्हिएतनाम-थायलंड ओलांडून बंगालच्या उपसागरात उतरतात आणि कधी त्यातून पावसाळी कमी दाबाचं क्षेत्र उभं राहतं. विदर्भातला मोठा पाऊस पुष्कळदा अशा क्षेत्रांमुळेच पडतो.

विमानांचं म्हणाल तर नियमित फेऱ्या जवळपास फक्त अमेरिकेच्याच आहेत. पश्चिम पॅसिफिकमधल्या फेऱ्या त्यांनीही १९८७ मध्ये थांबवल्या. तैवान २००३ पासून टायफूनभोवती विमान उडवून ड्रॉपसॉन्ड टाकतं. उरलेलं बहुतेक जग, आपल्या हवामान खात्यासकट, उपग्रहावरच्या ढगांच्या घडणीवरून जोर ओळखतं. ही पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. किनारा जवळ आला की रडार मदतीला येतात. निसर्ग वादळ १ जून २०२० ला डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची पायरी) झालं, २ ला दुपारी चक्रीवादळ, आणि ३ ला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर. शेवटच्या टप्प्यात गोवा आणि मुंबईच्या रडारवर ते दिसत होतं. त्याआधी खुल्या समुद्रात त्याचा वारा किती, हे सगळं वरून बघून बांधलेलं होतं.

१९. मध्य अमेरिका ओलांडून वादळ पॅसिफिकमध्ये गेलं तर नाव बदलतं का?

जमीन ओलांडताना चक्र टिकलं तर नाव टिकतं. प्रश्न ११ मधली बॉनी निकाराग्वा ओलांडून बॉनी म्हणूनच पॅसिफिकमध्ये उतरली आणि तिथे मोठं हरिकेन झाली. चक्र मोडलं आणि अवशेषांतून नवं उभं राहिलं तर नवं नाव. मे २०२० अखेरीस पॅसिफिकमधून अमांडा ग्वाटेमालावर आलं आणि डोंगरांत मोडलं. उरलेली ओल आणि फिरणारी हवा दोन-तीन दिवसांत मेक्सिकोच्या आखातात पुन्हा गोळा झाली, तिला क्रिस्टोबाल नाव मिळालं, आणि ७ जूनला ते लुइझियानाच्या किनाऱ्यावर गेलं.